आषाढी वारीची छायाचित्रे: रंगीत की कृष्णधवल?

घाटवाट:
आषाढ लागला की वारीची कृष्णधवल छायाचित्रे सगळीकडे दिसू लागतात. सुरकुतलेला चेहरा, डोक्यावर तुळशीवृंदावन, मागे दाटून आलेले ढग. त्यांतली कित्येक देखणी असतात. तरीही वारीचे रंग काढून टाकणे हा त्या विषयावर अन्याय आहे, असे माझे ठाम मत आहे आणि त्यावर मोकळी चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

दिवे घाटातल्या पताकांचेच उदाहरण घेऊ. रंगीत चित्र कृष्णधवल करण्याच्या एका प्रचलित सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, तांबड्याचा ३० आणि निळ्याचा अवघा ११ टक्के धरला जातो. हे गणित भगव्या पताकेला लावले, तर तिची करडी छटा ढगाळ आभाळाच्या छटेच्या इतकी जवळ येते की दिंडीच्या पुढे डौलाने चाललेली पताका आभाळात विरून जाते. जी खूण लांबूनही डोळ्यांत भरते, तीच चित्रात हरवत असेल, तर आपण नेमके काय टिपले?

जुना_एन्लार्जर:
मी असहमत आहे. पताका विरते ती रूपांतर डोळे झाकून केल्यामुळे. सॉफ्टवेअरमध्ये नारिंगी रंगाची उजळता कमी केली की पताका गडद होऊन ढगांवर स्वच्छ उठून दिसते. फिल्मच्या काळात हेच काम भिंगावर चढवलेले रंगीत फिल्टर करत असत.

शिवाय वारीचा पोशाखच मुळात पांढरा आहे. सावळ्या कपाळावरचे गोपीचंदन आणि त्याखालचा बुक्का यांत उजेड आणि काळोख आधीच शेजारी बसलेले असतात. याउलट रंगीत चित्रात प्लॅस्टिकचे निळे कागद, फ्लेक्सचे फलक आणि टँकरची पिवळी टाकी नजर आपल्याकडे ओढतात. मृदंग वाजवणाऱ्याचा तल्लीन चेहरा त्या गर्दीत दुय्यम ठरतो.

घाटवाट:
नारिंगी उतरवला की चेहरेही काळवंडतात, कारण आपल्या त्वचेच्या रंगात नारिंगीच अधिक असतो. पताका वाचवायला जाल, तर वारकऱ्याचा चेहरा गमवाल.

निळ्या कागदाबद्दल मात्र मला मनापासून सांगायचे आहे. आज भर पावसात वारकरी तोच कागद पांघरून चालतो. तो रंग पुसला की काल काढलेले चित्र पन्नास वर्षांपूर्वीचे वाटू लागते आणि पाहणारा जिवंत, बदलत्या परंपरेऐवजी जुनेपणाच्या आभासावर हळहळतो. एके काळी वर्तमानपत्रे काळ्या शाईतच छापली जात, म्हणून वारीची जुनी चित्रे कृष्णधवल आहेत. त्या अडचणीला आज आपण शैली का मानावी?

तिसरी_घंटा:
वारीबाहेरचे, पण याच प्रश्नाचे एक उदाहरण देते. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बालकाचे दफन होत असताना छायाचित्रकार रघु राय यांनी ते कृष्णधवल टिपले, तर छायाचित्रकार पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या जागतिक स्पर्धेचा सर्वोच्च सन्मान बार्थोलोम्यू यांच्या रंगीत चित्राला मिळाला. राय यांच्या चित्रात माती आणि त्वचा करड्या छटांत एकमेकींच्या जवळ येतात आणि नजर त्या उघड्या, निष्प्राण डोळ्यांवरून हलत नाही. रंगीत चित्रात माती मातीच राहते आणि मूल मूलच राहते, म्हणून ते पाहणे मला अधिक असह्य होते. प्रसंग एकच असूनही दोन्ही चित्रे खरी आहेत. त्यामुळे रंग काढला म्हणजे सत्य गेले, हे मला मान्य नाही.

छायाचित्रकार रघुवीर सिंह यांनी मात्र भारतीय सौंदर्यदृष्टी रंगातच रुजलेली आहे आणि कृष्णधवलची जाण पाश्चात्त्य आहे, अशी मांडणी आग्रहाने केली होती. त्यांची रंगीत चित्रे मला अतिशय प्रिय आहेत, पण ही विभागणी पटत नाही. राय यांची कितीतरी कृष्णधवल चित्रे तिला उत्तर देतात.

जुना_एन्लार्जर:
त्वचेचा मुद्दा रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे चेहरा आणि पताका वेगवेगळे निवडून त्यांच्या छटा स्वतंत्रपणे बसवणे. डार्करूममध्ये, म्हणजे फिल्मवरून चित्र छापायच्या अंधाऱ्या खोलीत, कागदाचा एक भाग हाताने झाकून दुसऱ्यावर अधिक प्रकाश पाडत, त्याच जातीचे हे काम आहे. निर्णय मात्र टिपतानाच व्हायला हवा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कृष्णधवल दृश्य ठेवून रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली मूळ, प्रक्रिया न केलेली माहिती) घ्यावी, म्हणजे नजर छटांवर राहते आणि रंगही फाइलमध्ये शाबूत राहतात. रंग फसला म्हणून घरी येऊन कृष्णधवल करणाऱ्यांविषयी तुमची तक्रार असेल, तर मी तुमच्याच बाजूला आहे.

घाटवाट:
माझी तक्रार त्यांच्याविषयी आहेच, पण तेवढीच नाही. रिंगणात माउलींचा अश्व धावतो तेव्हा टापांची धूळ आणि ताणलेल्या माना कृष्णधवलमध्ये अधिक जोरकस दिसतील, हे मी मान्य करतो. दिवे घाटाच्या चढणीवर मात्र हिरवा डोंगर, पांढरी रांग आणि भगवी पताका या तिन्हींचे नाते हाच चित्राचा विषय असतो. तिथे मी रंगच निवडेन.

जुना_एन्लार्जर:
त्याच चढणीवर मी कृष्णधवलच निवडेन. मला त्या रांगेचे वळण हवे आहे आणि हिरव्या डोंगराकडे गेलेली नजर ते वळण शेवटपर्यंत पाहत नाही.