‘लॅटिनोंना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती’ हे मराठी बरोबर आहे का?

चिंचोका

मंडळी, एका मासिकासाठी लेखाचं भाषांतर करतेय. विषय अमेरिकेतल्या लॅटिनो लोकांचा: टीव्ही आणि जाहिराती त्यांना कसं दाखवतात, आणि त्यांच्या गळ्यात माल कसा मारतात. पहिल्याच परिच्छेदात मी ‘लॅटिनो प्रेक्षकांना लक्ष्य करणाऱ्या जाहिराती’ असं लिहिलं. संपादकांनी खाली लाल रेघ ओढून शेजारी विचारलंय, ‘हल्ला कोणी केला?’

‘टार्गेट करणे’ला तुम्ही काय वापरता? शिवाय लेखात हिस्पॅनिक आणि लॅटिनो हे दोन्ही शब्द येतात, कधी कधी एकाच वाक्यात. मराठीत एकच ठेवला तर चालेल का? आणि ‘स्टिरिओटाइप’ला ‘साचेबद्ध प्रतिमा’ सोडून काही सुचतंय का? हा शब्द इतक्यांदा आलाय की वाचणारा कंटाळेल.

घाटमाथा

संपादकांची रेघ योग्य जागी आहे. ‘अतिरेक्यांनी लष्करी तळाला लक्ष्य केले’, ‘विरोधकांनी अर्थमंत्र्यांना लक्ष्य केले’ हे रोज वाचून त्या क्रियापदाला मारामारीचा वास लागलाय. नाम म्हणून ‘लक्ष्यगट’ चालेल, सरकारी योजनांमुळे तो रुळलाय. पण वाक्यात ‘लॅटिनो गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या जाहिराती’ म्हणा. लांबलचक आहे, पण वाचताना अडखळायला होत नाही.

आणि ‘गिऱ्हाईक’ तुमच्या विषयाला फिट्ट बसतो. दुकानात येतं ते गिऱ्हाईक, आणि चारचौघांत ज्याची टिंगल होते त्याचंही गिऱ्हाईकच होतं.

खडूफळा

घाटमाथा, कोटी झकास आहे, पण दोन्ही अर्थ एकाच माणसाला लावू नका. जाहिरातींच्या इतिहासात ती बऱ्याचदा दोन वेगळी माणसं असतात.

उदाहरण ‘फ्रिटो बँडिटो’चं. १९६७ मध्ये फ्रिटो-ले कंपनीने मक्याच्या चिप्स विकायला हे कार्टून आणलं. डोक्यावर भलंमोठं सोम्ब्रेरो (रुंद काठाची मेक्सिकन टोपी), झुपकेदार मिशा, वाढलेले खुंट, एक सोन्याचा दात, दोन्ही हातांत पिस्तुलं. ‘सिएलितो लिंदो’ या मेक्सिकोत घराघरांत गायल्या जाणाऱ्या गाण्याच्या चालीवर तो मोडक्या इंग्रजीत गायचा आणि लोकांच्या चिप्स पळवायचा. आवाज मेल ब्लँकचा, म्हणजे बग्ज बनीचाच. मेक्सिकन-अमेरिकन संघटनांनी आवाज उठवल्यावर कंपनीने आधी काय केलं असेल? दात काढला आणि दाढी केली! पात्र तसंच चालू. शेवटी १९७१ च्या सुमारास ते बंद पडलं.

आता या जाहिरातीने मेक्सिकन माणसाला काही विकायचं होतं का? नाही. चिप्स घ्यायच्या होत्या इंग्रजी कार्टून बघणाऱ्या पोरांनी. गिऱ्हाईक केलं मेक्सिकनांचं, गिऱ्हाईकं होती गोरी पोरं. १९९७ ते २००० टाको बेल या फास्टफूड साखळीच्या जाहिरातीत स्पॅनिश उच्चारात ‘यो किएरो टाको बेल’ म्हणणारा चिवावा कुत्रा होता, त्याची गत साधारण हीच. तेव्हा चिंचोका, लेखात ‘चित्रण’ कुठे आहे आणि ‘विक्री’ कुठे आहे हे प्रत्येक वाक्यात बघून घ्या. एकाच क्रियापदात दोन्ही कोंबलंत तर घोळ होईल.

जर्सीकर

हिस्पॅनिक की लॅटिनो यावर मी लिहितो, कारण इथे अमेरिकेत फॉर्म भरताना हा चौकोन वर्षानुवर्षं बघतोय (मी तिथे खूण करत नाही, पण ‘साउथ एशियन’ नावाच्या चौकोनात मलाही बसवलं गेलंय, त्यामुळे सहानुभूती आहे).

कोशातला फरक सोपा आहे. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश भाषेशी नातं असलेले, लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेतून आलेले किंवा त्यांचे वंशज. माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक, पण लॅटिनो नाही. साओ पावलोचा माणूस पोर्तुगीज बोलतो, तो लॅटिनो, पण हिस्पॅनिक नाही. मेक्सिकोचा दोन्ही. त्यामुळे मराठीत दोन्ही ठेवावे लागतील.

खरी गंमत पुढे आहे. हे लोक आधी स्वतःला मेक्सिकन, प्वेर्तो रिकन, क्यूबन असंच म्हणवत. १९७० च्या जनगणनेत काही घरांना मूळ विचारलं, त्यात एक पर्याय होता ‘मध्य किंवा दक्षिण अमेरिकन’. अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागांतल्या राज्यांत राहणाऱ्या कितीतरी लोकांनी त्यावर बिनदिक्कत खूण केली! १९७६ मध्ये संसदेने कायदा करून स्पॅनिश मूळ असलेल्यांची वेगळी आकडेवारी ठेवायला लावली, आणि १९८० च्या जनगणनेत तो प्रश्न प्रत्येक घरी गेला. ‘लॅटिनो’ हा शब्द १९९७ मध्ये सरकारी नियमात ‘हिस्पॅनिक’च्या जोडीला आला. २०२० च्या जनगणनेत हे लोक ६ कोटी २१ लाख निघाले, म्हणजे १८.७ टक्के. आतापर्यंत वंशाचा प्रश्न वेगळा आणि हा वेगळा होता. २०२४ च्या नव्या नियमाने दोन्ही एकत्र केलेत.

सरकारइतकाच हात टीव्हीचा. लॉस एंजेलिसमधले मेक्सिकन, न्यूयॉर्कमधले प्वेर्तो रिकन आणि मायामीतले क्यूबन हे जाहिरातदाराला तीन लहान बाजार वाटत. साबणाची कंपनी कशाला तीन वेगळ्या जाहिराती करेल? १९६० च्या दशकात मेक्सिकोच्या अझकारागा घराण्याच्या पैशावर उभ्या राहिलेल्या स्पॅनिश इंटरनॅशनल नेटवर्कने (१९८७ पासून युनिव्हिजन) या सगळ्यांना ‘देशभरचा एक बाजार’ म्हणून विकायला घेतलं. १९८० च्या जनगणनेचा प्रचारही या वाहिनीने केला. का नाही करणार? डोकी जितकी जास्त मोजली जातील तितका जाहिरातीचा दर वर. १९९२ पासून नील्सन या प्रेक्षक मोजणाऱ्या कंपनीने या प्रेक्षकांची देशव्यापी मोजणी सुरू केली, मग तर दर ठरवायला आकडाच हातात आला. वृत्तनिवेदकांचे हेल घासून घासून असे गुळगुळीत केले की ते नेमके कुठल्या देशाचे ते ओळखू येऊ नये.

म्हणून माझं मत: ज्याचा देश माहीत आहे त्याला त्याच्या देशाच्या नावाने लिहा. ‘लॅटिनो’ तिथेच वापरा जिथे बाजार किंवा सरकार त्यांना एकगठ्ठा बघतंय.

मांडवीकाठ

जर्सीकर, उत्तम. ब्राझीलवरून आठवलं. कार्मेन मिरांडा या गायिका-अभिनेत्रीचा जन्म पोर्तुगालचा, वाढली ब्राझीलमध्ये, भाषा पोर्तुगीज. हॉलिवूडने तिला डोक्यावर फळांची टोपली देऊन अख्ख्या खंडाची प्रतिनिधी करून टाकलं, गोष्ट अर्जेंटिनाची असो की क्यूबाची. १९४४ मध्ये युनायटेड फ्रूट कंपनीने ‘मिस चिकिता’ आणली ती त्याच थाटात: झगा घातलेलं केळं, डोक्यावर फळं, आणि केळी फ्रिजमध्ये ठेवू नका असं गाण्यातून सांगणं. केळ्याची बाई व्हायला १९८७ उजाडलं.

आमच्या पणजीतल्या फोंतायन्यशला पर्यटनवाले ‘लॅटिन क्वार्टर’ म्हणून विकतात, तोही यातलाच प्रकार. पिवळ्या-निळ्या भिंती दिसल्या की लावा लेबल. तिथली माणसं त्याला फोंतायन्यशच म्हणतात.

उच्चाराबद्दल: स्पॅनिश ‘त’ आपल्या ‘त’सारखाच दंत्य आहे, म्हणून ‘लातिनो’ जास्त जवळचा. ‘लॅटिनो’ इंग्रजीतून वळसा घालून आलाय.

घाटमाथा

रुळलेला शब्द आहे, राहू द्या ‘लॅटिनो’. नाहीतर उद्या ‘इस्पानिक’ लिहावं लागेल, कारण स्पॅनिशमध्ये ‘ह’ गप्प असतो.

रानमेवा

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर शेव्हर्ले नोव्हाचा किस्सा लेखात असेलच? स्पॅनिशमध्ये ‘नो वा’ म्हणजे ‘चालत नाही’, म्हणून गाडी लॅटिन अमेरिकेत खपलीच नाही.

खडूफळा

असेल तर काढायला सांगा. मॅनेजमेंटच्या वर्गांत वर्षानुवर्षं फिरणारी लोणकढी आहे ती. मेक्सिको आणि व्हेनेझुएलात ती गाडी त्याच नावाने व्यवस्थित खपली. ‘नोव्हा’त जोर पहिल्या अक्षरावर, ‘नो वा’त दुसऱ्यावर, स्पॅनिश कानाला दोन्ही वेगळे ऐकू येतात. आणि मेक्सिकोच्या सरकारी पेमेक्स कंपनीचं पेट्रोलच ‘नोव्हा’ नावाने विकलं जायचं!

खरा किस्सा हवा तर दुधाचा घ्या. कॅलिफोर्नियाच्या दूध मंडळाची १९९३ ची ‘गॉट मिल्क?’ ही मोहीम गाजली. तिचं शब्दशः स्पॅनिश होतं ‘तिएने लेचे?’ बाईला विचारलं तर त्याचा अर्थ ‘अंगावर दूध येतं का?’ असा होऊ शकतो. आपल्याकडेही ‘घरात दूध आहे का?’ आणि बाळंतिणीला ‘दूध येतं का?’ यात एका क्रियापदाचंच अंतर आहे.

शब्द बदलून भागणार नव्हतं, विनोदच जागचा हलला होता. इंग्रजी जाहिरातीत तोंडात कोरडा घास आणि घरातलं दूध संपलेलं, याची मजा होती. लेकरांना दूध पुरत नाही हे ज्या आईने अनुभवलंय तिला त्यात हसण्यासारखं काही नाही. म्हणून अनिता सांतियागो यांच्या जाहिरातसंस्थेने स्पॅनिश मोहीम वेगळीच केली. तिचा प्रश्न: ‘आणि तुम्ही, आज त्यांना पुरेसं दूध दिलंत का?’ विनोद गेला, आई आणि आजी आल्या, स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाककृती आल्या.

आता इथे नीट बघा. ही जाहिरात आदरानेच केलेली आहे, करणारी माणसंही त्याच समाजातली. तरी पडद्यावर परत आजी, चूल आणि गोतावळा. एकट्या राहणाऱ्या, दूध न आवडणाऱ्या, घरी इंग्रजीच बोलणाऱ्या लॅटिनो तरुणाला त्यात जागा नाही. पिस्तूलवाला डाकू घालवला, त्याच्या जागी प्रेमळ आजी आली. आजी कितीतरी बरी, पण साचा तो साचाच.

दवणा

‘स्टिरिओटाइप’ला नाटक-सिनेमावाले ‘ठोकळेबाज’ म्हणतात, तो घ्या. ठोकळेबाज पात्र, ठोकळेबाज भूमिका. ‘साचेबद्ध’ लेखनासाठी आणि विचारांसाठी ठेवा. दोन्ही आलटून पालटून वापरता येतील.

लुपे ओन्तिवेरोस या अभिनेत्रीचा उल्लेख असेल तर जपून. त्यांच्याच अंदाजाने त्यांनी दीडशे वेळा तरी मोलकरणीची भूमिका केली होती. तिथे ‘मोलकरीण’च लिहा. ‘घरकाम करणारी महिला’ लिहिलंत तर त्या पटकथा जितक्या सभ्य नव्हत्या तितक्या वाटतील. लेखक स्वतःच्या शब्दांत घरकामगारांच्या संघटनेबद्दल बोलत असेल तिथे अर्थात ‘घरकामगार’.

आणि ‘स्पायसी लॅटिना’ला कृपा करून ‘लवंगी मिरची’ नको. आपल्याकडे त्यात कौतुक असतं. तिथे ते बाईला एका चौकटीत बसवणं आहे: चिडते, नाचते, कपडे तंग. ‘तिखट बाई’ लिहून अवतरणात टाका, म्हणजे लेखक त्या शब्दापासून अंतर राखून आहे हे कळेल.

चिंचोका

बापरे, केवढं दिलंत! ‘ठोकळेबाज’ घेतेच. लेखात ‘लॅटिनेक्स’ही आहे. त्याचं काय?

जर्सीकर

आहे तसाच ठेवा आणि एका वाक्यात समजावा. लॅटिनो पुल्लिंगी, लॅटिना स्त्रीलिंगी, म्हणून लिंग न दाखवणारा शब्द. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२० च्या अहवालात तो स्वतःसाठी वापरणारे लॅटिनो ३ टक्के होते, २०२४ च्या अहवालात ४ टक्के. मधल्या काळात तो ऐकलेल्यांचं प्रमाण मात्र साधारण दुप्पट झालं. कंपन्यांनी उचलला, घरात शिरला नाही. स्पॅनिश जिभेला ‘लातिने’ जास्त सोपा जातो, तोही काही जण वापरतात. बाकी ठिकाणी तुम्ही ‘लॅटिनो मंडळी’ म्हणून सुटू शकता.

रानमेवा

नोव्हाबद्दल धन्यवाद, कॉलेजपासून खरं समजत होतो. ‘सिंको दे मायो’चं तरी खरं आहे ना? मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन?

मांडवीकाठ

नाही हो. ५ मे १८६२ ला पुएब्लाच्या लढाईत मेक्सिकोने फ्रेंचांना हरवलं, तो दिवस. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबर. अमेरिकेत हा दिवस मेक्सिकन-अमेरिकन लोक आधीपासून पाळत होते, १९८० च्या दशकात बिअर कंपन्यांनी त्याचा घाऊक पेयपानोत्सव केला. डिस्नेने तर २०१३ मध्ये ‘दिया दे लोस मुएर्तोस’ या मृतांच्या सणाच्या नावावरच ट्रेडमार्क मागितला होता! लोक खवळले, लालो अलकाराझ या व्यंगचित्रकाराने हाडांच्या सांगाड्याचा राक्षसी उंदीर काढला, अर्ज मागे घेतला गेला. पुढे डिस्नेने त्याच सणावरच्या सिनेमासाठी अलकाराझलाच सल्लागार नेमलं.

जर्सीकर

बाजाराने सगळंच सपाट केलं असंही नाही. आमच्या फडताळात गोया कंपनीचे डबे असतात, इथले बरेच देशी लोक छोल्यांसाठी तेच आणतात. १९३६ मध्ये न्यूयॉर्कात एका स्पॅनिश जोडप्याने ही कंपनी काढली. घेवड्याच्या दाण्यांना मेक्सिकन ‘फ्रिहोलेस’ म्हणतात, प्वेर्तो रिकन ‘हाबिचुएलास’. गोयाच्या डब्यांवर दोन्ही शब्द सापडतात, कारण कुठल्या वस्तीत कोण काय म्हणून मागतं हे त्यांना ठाऊक आहे. टीव्हीला एक प्रेक्षक हवा होता, वाण्याला तसं करून चालत नाही.

दवणा

टार्गेट नावाच्या दुकानसाखळीची (तुमच्या क्रियापदाचं सख्खं भावंड!) २०१५ ची मोहीम बघा. नाव ‘सिन त्रादुक्सिओन’, म्हणजे ‘भाषांतराविना’. इंग्रजीत ज्यांना एक शब्द नाही असे स्पॅनिश शब्द घेऊन जाहिराती केल्या. ‘अर्रुयो’, म्हणजे बाळाला जोजवत गुणगुणणं. ‘सोब्रेमेसा’, म्हणजे जेवण झाल्यावर तिथेच बसून गप्पा. आणि ‘एस्त्रेनार’, म्हणजे नवी वस्तू पहिल्यांदा वापरणं.

चिंचोका

हे तिन्ही लेखात आहेत! ‘अर्रुयो’ला ‘अंगाई’ केलंय. ‘सोब्रेमेसा’पाशी अडकले होते, ‘खरकटे हात वाळवत मारलेल्या गप्पा’ असं करू का? ते लोक काट्याचमच्याने जेवतात.

घाटमाथा

टाको हातानेच खातात. बिनधास्त करा.

दवणा

‘एस्त्रेनार’ला तर आपल्याकडे तयार आहे: घडी मोडणे. साडीची घडी मोडली.

मांडवीकाठ

साडीला ठीक. दुकान तर बूट आणि दप्तरंही विकतं. बुटाची घडी कशी मोडणार?

दवणा

मग ‘कोरं’ घ्या. कोरे बूट घालून शाळेत गेला. कपडे असतील तिथे ‘घडी मोडणे’, बाकी ठिकाणी ‘कोरं’. फक्त घडी मोडायला मराठीत दुसऱ्याला देतातही, ‘तू मोड गं घडी’ म्हणून. स्पॅनिशमध्ये तसं करतात का ते कुणा जाणकाराला विचारा.