मदत हवी आहे: लेकीसाठी कुकर कोणता घेऊ?

लेक सप्टेंबरात शिकायला म्युनिकला चालली आहे. आजवर चहापलीकडे मजल गेली नाही. परवा वरणाला फोडणी देताना मोहरी तडतडायच्या आधीच हळद टाकली, ती करपली, आणि वर म्हणते, "आई, रंग छान आलाय ना?"

तिथल्या खोलीत इंडक्शन आहे, म्हणजे आमचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा कुकर बाद. दादरला इंडक्शनच्या बुडाचे स्टीलचे पाहिले. एकटीला २ लिटरचा पुरेल की ३ चा घेऊ? वरण-भात एकदमच लावायचाय. युरोपात दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत, त्यामुळे घरचं तूप राहिलं. गोडा मसाला आणि मेतकूट देतेय.

ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी सांगा, उरलेल्या महिनाभरात तिला आधी काय शिकवू? पोळ्यांचा नाद मी सोडलाय.