दवाखान्याच्या ओसरीत सिकलसेल कसा समजावू?

मदत हवी आहे. गडचिरोली जिल्ह्यात माझा छोटा दवाखाना आहे. ओसरीतल्या बाकावर माणसं तासभर बसतात, तेवढ्यात सिकलसेल, म्हणजे आईबाबांकडून मुलांत येणारा रक्ताचा आजार, समजवायचाय. पोस्टर लावलं, कुणी वाचलं नाही. टीव्ही आणला, तर ऐन वेळी लाइन जाते. मग तुरीचे आणि तांदळाचे दाणे घेऊन बसले: आईबाबा दोघंही वाहक (एकाच पालकाकडून आजाराचा जनुक आलेले, स्वतः आजारी नसलेले) असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता 25 टक्के. बाया सरकून जवळ आल्या. पण एकीनं हळूच विचारलं, "म्हणजे माह्या पोरीचं लगन नाही होणार का?"

आशाताई आठवड्यातून एकदाच येतात, मला गोंडी येत नाही. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे चारचौघांत, कुणा पोरीकडे बोट न जाता, कसं सांगता तुम्ही?