वाचनालयात बसून जुन्या साप्ताहिकांच्या बांधीव फायलींचे फोटो काढायचेत, सल्ला हवा

खानापूर_वाचक
बेळगावातल्या वाचनालयात १९४६ ते १९५६ मधल्या मराठी साप्ताहिकांच्या बांधीव फायली बघायच्या आहेत. सीमाभागावरचं लेखन गोळा करायचंय. फोटोला तोंडी परवानगी आहे, फ्लॅश आणि स्कॅनर चालत नाही. हाताशी फक्त १२ मेगापिक्सेलचा फोन आहे. आठवड्यातून एकच दिवस मिळतो, त्यामुळे घरी आल्यावर फोटो वाचता आला नाही तर आठवडा गेला. काय घ्यावं, कसं काढावं?

निपाणी_कॅमेरा
आधी गणित करा. मोठं पान साधारण ६० सेंमी उंच आणि ४० सेंमी रुंद धरा. तुमच्या फोटोची लांब बाजू ४००० पिक्सेल. अख्खं पान एका फोटोत घेतलं तर इंचाला जेमतेम १७० पिक्सेल मिळतात. ठळक मथळे वाचता येतील, बारीक टाइप नाही. फोन आडवा धरून वरचा अर्धा आणि खालचा अर्धा असे दोन फोटो घेतले तर सुमारे २४० मिळतात. पानाचे चार भाग केले तर ३०० च्या वर. बातम्यांना दोन भाग पुरतात. जाहिराती, वाचकांची पत्रं, आकड्यांचे तक्ते यांना चार करा. दोन फोटोंत निदान तीन-चार ओळी सामाईक राहू द्या, नाहीतर जोडताना ओळ हरवते.

मराठीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत अनुस्वार पावलोपावली असतात: केलें, तें, त्यांत, नाहीं. फोटो किंचित हलला की पहिल्यांदा तो टिंबच जातो, मग रफार. म्हणून प्रत्येक फायलीचा पहिला फोटो काढल्यावर जागेवरच पूर्ण मोठा करून एक अनुस्वार आणि एक रफार शोधा. दोन्ही सुटे दिसले तरच पुढे जा.

निपाणी_कॅमेरा
सेटिंगचं राहिलं. मुख्य लेन्सच वापरा. रुंद लेन्सने कडेची अक्षरं ताणली जातात. प्रो मोड (हाताने सेटिंग करायची सोय) असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर त्याहून जलद गेलं की पानावर आडवे काळे पट्टे येतात. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, अर्ध्या स्टॉपने (+०.५) वाढवा, नाहीतर फोन पान राखाडी करून टाकतो. १/५० ला हात हलतोच, म्हणून आडवा दांडा असलेला स्टँड आणि दोन सेकंदांचा टायमर हवा. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला वजन अडकवा, नाहीतर स्टँड फोनसकट पानावर कोसळेल. लवचिक मानेचा स्टँड घेऊ नका. तो प्रत्येक स्पर्शानंतर डोलतो आणि फोनच्या भाराने हळूहळू खाली वाकतो. स्टँडची परवानगी मात्र आधी विचारा.

जुनी_पाने
कॅमेऱ्याआधी कागद बघा हो. त्या काळातला वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल तयार होत राहतं, म्हणून घडीच्या जागी पान बिस्किटासारखं तुटतं. फाईल सपाट करायला कण्यावर हात दाबू नका. दोन टॉवेल गुंडाळून दोन्ही पुठ्ठ्यांखाली ठेवा आणि फाईल जितकी सहज उघडेल तितकीच उघडा. बांधणीचे टाके बाजूने घातलेले असतील तर आतला कॉलम शिवणीत शिरलेला असतो. त्या कॉलमचा वेगळा फोटो घ्या, फोन त्या वळणाला समांतर तिरका धरून.

हातमोजे नकोत. बोटांना कागद जाणवत नाही आणि कोपरे फाटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरेत.

पातळ पानावर मागची छपाई दिसत असेल तर पानामागे रंग न सोडणारा काळा कार्डशीट हलकेच सरकवा. मागून परतणारा उजेड थांबतो, उलटी अक्षरं फिकी पडतात.

बेळगाव_टिळकवाडी
सगळी उजवी पानं आधी, मग सगळी डावी, असं काढलं की वेळ निम्मा लागतो की. स्टँड हलवावा लागत नाही.

जुनी_पाने
कागद धड असेल तर होय. पण मग प्रत्येक पान दोनदा उलटलं जातं. कडा झडत असतील तर दोन्ही बाजू एकाच फेरीत घ्या, वेळ लागू दे.

खानापूर_वाचक
स्कॅनर ॲपने थेट काळं-पांढरं करून घेतलं तर चालेल का? फाईल लहान होते.

चिकोडी_मोडी
नको. ते ॲप पेन्सिलीच्या खुणा, जांभळे शिक्के, फिकी शाई मळ समजून पुसतं. सीमाभागातल्या कागदावर मराठी मजकूर आणि कन्नड शिक्का एकत्र असतो, तोच पुरावा जातो. मूळ रंगीत फोटो साध्या कॅमेऱ्याने काढा, काळं-पांढरं घरी प्रतीवर करा. फोटोतला मजकूर टाइप केलेल्या अक्षरांत आणायला टेसरॅक्ट या मोफत प्रोग्रॅममध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा एकत्र लावता येतात.

फायलीत मोडीचा कागद सापडला तर फोटोची हद्द ओळीच्या मधोमध तोडू नका. मोडीत शिरोरेघ सलग चालते, शब्दांत जागा नसते. अर्धी ओळ पुढच्या फोटोत गेली की अक्षर कुठे सुरू झालं ते कळत नाही.

बेळगाव_टिळकवाडी
नोंदीचं: प्रत्येक अंकाआधी चिठ्ठीवर साप्ताहिकाचं नाव, तारीख, फाईल क्रमांक लिहून तिचा फोटो काढा. गहाळ पानाच्या जागी "पान ५ नाही" अशी चिठ्ठी. फाईलनावात वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने, १९४६-०५-१३_पान०३_वर, म्हणजे आपोआप रांग लागते. चारशे फोटोंना दीड-दोन जीबी धरा. व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर ते दाबून लहान होतात आणि अनुस्वार तिथेच जातात.

जुनी_पाने
स्वतःच्या अभ्यासासाठी फोटो काढायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण सहीचा लेख अख्खा फेसबुकवर टाकायचा तर लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं झालीत का ते बघा. आणि परवानगी तोंडी आहे म्हणता, ती एका ओळीत लेखी घ्या. पुढच्या आठवड्यात काउंटरवर दुसरं कुणी असेल.

खानापूर_वाचक
लेखी अर्ज उद्याच देतो. एक राहिलं: खिडकीशी बसू की आत?

निपाणी_कॅमेरा
खिडकी डाव्या हाताला येईल असं बसा, पण ऊन थेट पानावर नको. डोक्यावरची ट्यूब चालू राहू दे, मात्र तिच्या बरोबर खाली बसू नका, फोनची सावली मजकुरावर पडते. उजव्या बाजूला एक पांढरा कार्डशीट उभा करा, सावलीची बाजू उजळते.