आधी भाषा की आधी काम?

युक्रेनहून जर्मनीत आलेल्यांबद्दल काही जण म्हणतात, ‘आधी भाषा पक्की होऊ दे, मग नोकरी’. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने युक्रेनच्या लोकांना तात्पुरतं संरक्षण दिलं, त्यात काम करायचा हक्कही होता. पण इथे जर्मनीत आधी ६०० तासांचा भाषावर्ग, बाकी सगळं नंतर, असं चालायचं. २०२३ च्या शरद ऋतूत सरकारने ‘जॉब-टर्बो’ आणला, म्हणजे काम करता करता शिका, तेव्हा कुठे गाडी हलली.

आमच्या गावात दर शनिवारी गप्पा मारत जर्मन शिकायचा भाषा-कॅफे भरतो, मी तिथे जाते. युक्रेनमधल्या खार्किवची एक नर्स येते, अतिदक्षता विभागात अनेक वर्षं काढलेली. प्रमाणपत्रांना मान्यता मिळेपर्यंत वृद्धाश्रमात मदतनीस आहे. तिच्या खिशात एक छोटी वही असते: ‘कूस बदलू का?’, ‘कुठे दुखतंय?’ ही जर्मन वाक्यं तिने स्वतःच्या लिपीत उतरवून घेतली आहेत. वर्गात हे कोणी शिकवलं नव्हतं, वृद्धाश्रमात सोबत काम करणाऱ्या मदतनिसांनी शिकवलं.

आणखी एक. युद्धामुळे युक्रेनच्या बहुतेक प्रौढ पुरुषांना देश सोडायला बंदी, त्यामुळे आलेल्यांत लेकुरवाळ्या बायका जास्त. आमची बालवाडी दुपारी दोनला सुटते. त्या नर्सची मुलगी तिथून आणायला दोन निवृत्त शेजारणींनी आळीपाळीने वार वाटून घेतले, म्हणून तिला कामाची पूर्ण पाळी करता आली. मदत करायची असेल तर अर्ज भरून देण्याइतकंच हेही विचारा: मुलं कोण सांभाळतंय?