‘म्यूटेबल व्हॅल्यू टाइप’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : सी-शार्प या प्रोग्रॅमिंग भाषेवरील लेखात ‘म्यूटेबल व्हॅल्यू टाइप’साठी मी ‘परिवर्तनशील मूल्यप्रकार’ असा शब्द योजला आहे. तो योग्य वाटतो का? ‘कॉपी’साठी ‘नक्कल’ चालेल का?

उत्तर : आपल्या शब्दातील ‘शील’ मला खटकते. ‘शील’ जोडले की बदलणे हा त्या वस्तूचा स्वभाव ठरतो. येथे बदल आपण घडवतो, म्हणून ‘परिवर्तनीय’ अधिक अचूक आहे. व्याकरणातील ‘विकारी’ आणि ‘अविकारी’ ही जोडी तयारच आहे, परंतु ‘विकार’ म्हटले की आजार आठवतो.

खरा पेच ‘मूल्य’ या शब्दात आहे. शाळेच्या गणितात आपण ‘क्ष या चलाची किंमत 5’ असे म्हणतो. प्रोग्रॅममध्ये क्षची किंमत पुढे 6 झाली, तरी 5 ही संख्या बदलत नाही. बदलते ते चल. परिवर्तनीय स्ट्रक्टच्या, म्हणजे अनेक घटक एकत्र बांधणाऱ्या मूल्यप्रकाराच्या, बाबतीत आपली फसगत होते ती नेमकी येथेच. समजा, ‘बिंदू’ या स्ट्रक्टमध्ये स्वतःचे निर्देशक बदलणारी ‘सरकव’ ही मेथड (स्ट्रक्टला जोडलेली क्रिया) आहे. बिंदू ॲरेमध्ये (क्रमांकित जागांच्या रांगेत) असतील, तर पहिल्या बिंदूवर ती चालवताच तो खरोखर सरकतो, कारण ॲरेतील प्रत्येक जागा हे चलच असते. तेच बिंदू लिस्टमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) असतील, तर लिस्ट आपल्या हाती केवळ प्रत देते. ती प्रत सरकते आणि विरून जाते, मूळ बिंदू जागचा हलत नाही, आणि कंपायलर (प्रोग्रॅमचे भाषांतर करणारे साधन) अवाक्षरही काढत नाही. (तेथे फील्डला, म्हणजे आतील घटक-चलाला, थेट नवी किंमत देऊ पाहिल्यास मात्र तो अडवतो.)

‘रीडओन्ली’ फील्डमध्ये, म्हणजे एकदा भरल्यावर बदलता न येणाऱ्या फील्डमध्ये, हा घोळ अधिक लपतो. लिस्टचा एन्युमरेटर, म्हणजे तिच्यातील घटक एकेक करून पुढे आणणारे साधन, हाही परिवर्तनीय स्ट्रक्टच आहे. तो अशा फील्डमध्ये ठेवला, तर ‘मूव्हनेक्स्ट’ ही त्याला पुढच्या घटकावर नेणारी मेथड दर वेळी नव्या प्रतीवर चालते, मूळ एन्युमरेटर आरंभापाशीच राहतो, आणि लिस्ट रिकामी नसेल तर त्यावर आधारलेला लूप संपतच नाही.

म्हणूनच ‘नक्कल’ नको. नक्कल म्हटली की एक अस्सल आणि दुसरी तिच्यासारखी असा भेद येतो. येथे दोन्ही समान दर्जाच्या असतात. ‘प्रत’ हा शब्द हस्तलिखितांच्या परंपरेतून आला आहे, आणि एका प्रतीच्या समासात लिहिलेली टीप दुसऱ्या प्रतीत उमटत नाही, हे वाचकाला वेगळे समजवावे लागत नाही.

सी-शार्प 7.2 मध्ये, 2017 साली, ‘रीडओन्ली स्ट्रक्ट’ आला; त्याला ‘अपरिवर्तनीय मूल्यप्रकार’ म्हणता येईल. आपल्या लेखात ही जोडी एकत्रच द्यावी, आणि ‘मूल्य बदलते’ असे न लिहिता ‘चलातील मूल्य बदलते’ असे लिहावे.