पीएचडीसाठी पेपरची सक्ती नियमातून गेली, विभागांतून कधी जाणार?

कालिना_कट्टा: पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी जर्नलमध्ये (संशोधन नियतकालिकात) पेपर, म्हणजे शोधनिबंध, छापून आणायची अट यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत काढून टाकली. तरी मुंबईत कितीतरी गाइड अजून "पेपर दाखवा, मग सही" म्हणतात. चांगल्या जर्नलकडून पहिला अभिप्राय यायलाच कित्येक महिने जातात. इकडे फेलोशिप संपत येते, आणि मेल येतो: "पाच दिवसांत पीअर रिव्ह्यू (त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून तपासणी), शुल्क फक्त दोन हजार." पाच दिवसांत कोण काय वाचणार? तरी पोरं पैसे भरतात. त्यात फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीची केअर यादीही, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, बंद झाली. खरं जर्नल कोणतं, हे नवख्याने कसं ओळखायचं? ही सक्ती थांबलीच पाहिजे.

माटुंगा_मॅडम: अजिबात पटलं नाही. गाइड सांभाळून घेतो, अनोळखी समीक्षक गय करत नाही. माझ्या विद्यार्थिनीला शेरा आला होता: "मुलाखती सगळ्या गोवंडीतल्या, निष्कर्ष अख्ख्या मुंबईचा. कसा काय?" तिने ते प्रकरण पुन्हा लिहिलं, आणि प्रबंध उभा राहिला तो त्यामुळेच. शिवाय नोकरीच्या मुलाखतीला प्रकाशनं विचारतातच. तेव्हा काय सांगणार?

लॅब_ते_लोकल: मॅडम, पैशांचं काय? जेआरएफ, म्हणजे पीएचडी करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, महिना ३७,००० रुपये. 'नेचर' जर्नलने २०२० मध्ये जाहीर केलेलं ओपन अ‍ॅक्सेस शुल्क (पेपर सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून लेखकाने भरायचे पैसे) ९,५०० युरो, म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची फेलोशिप. लहान जर्नलांचं शुल्कही खिशाला झेपत नाही. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या सरकारी संस्थांना जर्नलं वाचायला देणाऱ्या योजनेवर सरकारने तीन वर्षांसाठी ६,००० कोटी ठेवले, पण ते मुख्यतः वाचण्यासाठी.

माटुंगा_मॅडम: सगळीच जर्नलं पैसे घेत नाहीत. वर्गणीवर चालणाऱ्यांत लेखकाला सहसा काही भरावं लागत नाही. इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली तर आपल्या मुंबईतूनच निघतं.

कालिना_कट्टा: तिथे नंबर लागायला किती जण थांबलेत, हे तुम्हाला माहीत आहे. समीक्षकाचा शेरा मोलाचा, हे मान्य. मग पेपर पाठवल्याची पोच आणि आलेले शेरे समितीपुढे ठेवले की पुरे धरा. स्वीकृतीच्या पत्रासाठी प्रबंध अडवू नका.

माटुंगा_मॅडम: पोच चालेल. पण पेपर कुठे पाठवायचा, ते जर्नल आधी विभागाने तपासायचं. ही जबाबदारी विद्यार्थ्यावर ढकलायची नाही.